तिसऱ्या भोकाचा तोरा

मित्रांनो, मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा एक जुना सॉकेट आहे. काळा, दोन भोकांचा आणि खरे सांगायचे तर मत्सराने जळणारा. सॉकेटने जळू नये हे मलाही कळते, पण माझा इलाज नाही.

हे घर बांधले तेव्हाच मला इथे बसवले. माझ्यामागे भिंतीत दोनच तारा होत्या, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. त्या काळी तेवढ्यावर सगळ्यांचे भागत असे. माझ्यावर रेडिओ वाजला, टेबलफॅन फिरला. "हा काळ्या कधी दगा देत नाही," असे घरातले आजोबा म्हणाले की मला मूठभर मांस चढायचे.

मग मोठा फ्रिज आला. त्याच्या प्लगला तीन पिना आणि मला भोके दोन. झाले, माझी सद्दी संपली. वायरमनने माझ्या शेजारी नवा सॉकेट बसवला. पांढराशुभ्र, गुळगुळीत आणि वर ते तिसरे भोक! येणारा-जाणारा त्याचेच कौतुक करी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

पण त्याचे बिंग मला ठाऊक होते. त्याला बसवताना वायरमन म्हणाला होता, "आजोबा, तिसऱ्या भोकाला अर्थिंगची तार लागते. भिंत फोडून बाहेर जमिनीपर्यंत न्यावी लागेल."

"आत्ता कुठे रंग वाळलाय. भिंतीला हात लावायचा नाही!" आजोबांनी ठणकावले.

"मग ते भोक नुसतं दिखाव्याचं राहील."

"राहू दे. प्लग बसला म्हणजे झालं."

म्हणजे माझ्या शेजाऱ्याच्या मागेही माझ्याच दोन तारा होत्या. तोरा मात्र केवढा!

फ्रिज जुना झाला तशा त्याच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. घराने त्यावर उपाय शोधला तो रबरी चपलांचा. फ्रिजसमोर एक जोड कायम पडलेला असे. "अगं, चप्पल घाल!" अशी हाक दिवसभर ऐकू येई. पाहुण्यांच्या पुढेही चपला सरकवल्या जात आणि सगळे खो-खो हसत. मीही खुशीत असे. शेजाऱ्याची आयतीच फजिती होत होती ना!

मग आजोबांची नात, ठकी, चालू लागली. एका सकाळी ती आंघोळ अर्धी टाकून ओल्या अंगाने फ्रिजकडे पळाली आणि तिने दाराची मूठ धरली. ती ओरडली नाही. नुसती ताठ झाली. तिची आई कोरडा टॉवेल घेऊन मागे येतच होती. तिने तो ठकीभोवती टाकला आणि तिला मागे खेचले. दोघी फरशीवर पडल्या. ठकीने भोकाड पसरले. आजोबा धावत दारात आले.

"बाबा, अजून किती दिवस चपलांवर काढायचे?" ठकीची आई सासऱ्यांना म्हणाली.

"वायरमनला बोलव," आजोबा म्हणाले. "अख्खी भिंत फोडू दे."

भिंत फुटली. जुन्या तारा ओढल्या तर त्यांच्या आवरणाचा भुगा झाला. नव्या तारा आल्या आणि शेजाऱ्याच्या तिसऱ्या भोकाला हिरवी तार मिळाली, थेट बाहेर जमिनीत गेलेली. मला काढून खिडकीत ठेवून दिले.

मित्रांनो, माझा मत्सर गेलेला नाही. उलट वाढला आहे. पूर्वी मी त्याच्या गोऱ्या रंगावर जळायचो, ते उगाच होते. आता त्याच्या हिरव्या तारेवर जळतो. वाट चुकलेली वीज तो निमूटपणे जमिनीत सोडतो. मला ते एकदाही जमले नाही.

तुमच्या घरी एखादे यंत्र चिमटे काढत असेल तर हसू नका. चपला तर मुळीच पुढे करू नका. मोठ्यांच्या मागे लागा, वायरमनला बोलवायला लावा, रंग गेला तर जाऊ द्या. घरात कुणी ना कुणी अनवाणी असतेच.