मागची दोन चाकं

चिमणीने तिसऱ्यांदा जमिनीवर अंग टाकलं आणि ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला मागच्या चाकाजवळ पाना लावला.

"दाब... धर... सोड!"

गुडघे पोटाशी घेऊन सीटमध्ये कोंबलेला लंबू ब्रेक दाबत होता. गाडी तो चालवणार होता. ब्रेक मात्र चिमणीने बसवलेले. नळीतून नुसतं तेल येत होतं, हवेचा एक बुडबुडा नाही, तरी पेडल लोण्यात बोट जावं तसं आत जाई.

कॉलेजच्या पोरांनी वर्षभर खपून बनवलेली गाडी. स्पर्धेचा नियम साधा होता: पळवा, करकचून ब्रेक मारा, चारही चाकं एकदम थांबली पाहिजेत. नाहीतर शर्यतीला राम राम. दोनदा पुढची थांबली, मागची आपली मजेत फिरत राहिली. आता तासाभरात, जेवणाच्या सुट्टीआधी, शेवटची संधी.

"काय गं," लंबू वरून म्हणाला, "पुढच्या चाकांशी उभ्या उभ्या बोलतेस आणि मागच्यांना लोटांगण?"

"गप रे! मागचा स्क्रू खाली आहे ना, म्हणून..."

चिमणीने मान वळवून पुढच्या चाकाकडे पाहिलं. हवा काढायचा स्क्रू खाली! पुढच्या चाकांना तो वर होता. हवा वर चढते, हे शाळेतलं पोरही सांगेल. ती वरच्या कोपऱ्यात दडून बसली होती आणि चिमणी सकाळपासून तिला खालून हाका मारत होती.

चाकाची तबकडी दाबून धरणारे मागचे दोन्ही कॅलिपर तिनेच उलटे बसवले होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, म्हणून स्क्रू खाली गेले होते. क्षणभर वाटलं, गुपचूप बदलावेत. पण एकटीने तासभरात व्हायचं नव्हतं, आणि मनालाही ते पटेना.

"ऐका रे, चूक माझी आहे," ती हळूच म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

संघातली पोरं मागच्या चाकांशी येऊन वाकली. मग वेल्डिंगवाली फस्सकन हसली. "वर्षभर आम्हाला डावं-उजवं शिकवणारी हीच ना? सरक, पाना दे इकडे!"

पाच जणांचे दहा हात लागले. कॅलिपर बदलले, स्क्रू वर आले आणि दडलेली हवा बुडबुडत बाहेर पडली. सुट्टीला चार मिनिटं उरली असताना लंबूने गाडी सोडली, वेग घेतला आणि ब्रेकवर उभाच राहिला. टायरांची किंचाळी, रबराचा करपट वास, धूर.

परीक्षक वाकून बघायच्या आत चिमणी रस्त्यावर ओणवी झाली होती. थांबलेली चाकं घासटल्याचे काळे पट्टे मोजले. चार.

"आता बघ कशी पळते!" लंबू ओरडला.

"पळू दे रे," ती पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "आधी थांबली कशी ते तर बघ!"