लंगरातला मग

मित्रांनो, मी एनॅमलचा एक जुना मग आहे. कधीकाळी पांढराशुभ्र होतो. आता कडेचे टवके उडून आतला काळा पत्रा दिसतो. माझ्या बुडाशी खिळ्याने कोरलेला एक नंबर आहे. तो माझ्या धन्याचा, शिपाई असतानाचा.

कारखान्याचे मला फार आठवत नाही. भट्टीची धग आठवते आणि पेंढ्यात बांधून केलेला लांबचा प्रवास. तो संपला फौजेच्या ट्रेनिंग सेंटरच्या स्टोअरमध्ये. तिथे आमचा ढीग पडला होता आणि नव्या पोरांची रांग लागली होती. ज्या हाताने मला उचलले तो यादव भालेरावचा, भिवंडीजवळच्या दिघाशी गावच्या पोराचा. त्याच्या मागे त्याच गावचा सावळाराम उभा होता. दोघे एकाच एस्टीने घरून निघाले होते.

यादव माझ्यावर नंबर कोरायला बसला, तसा सावळारामने खिळा काढून घेतला.

"आन इकडं. तू कोरलास तर नंबर न्हाय, कोंबडीचे पाय दिसतील."

माझ्या आयुष्याचा सगळ्यात चांगला काळ तोच. लंगर म्हणजे जवानांचे जेवणघर. सकाळी परेडहून घामाघूम आलेले दोघे रांगेत उभे राहायचे. आचारी मोठ्या डावाने चहा ओतायचा, धुराचा वास असलेला. भिंतीला टेकून दोघे तो प्यायचे आणि कवायत शिकवणाऱ्या उस्तादाची नक्कल करून हसायचे.

शिपायांमधून ऑफिसर निवडतात, त्याची एक परीक्षा असते. यादव बारावी झालेला होता. तो अभ्यासाला लागला आणि सावळाराम त्याच्या वाटणीची झाडलोट करू लागला. यादव पास झाला. देहरादूनला ऑफिसरकीच्या ट्रेनिंगमध्ये चार वर्षे गेली. खांद्यावर तारे आले, नंबरही नवा मिळाला. माझ्या बुडाचा नंबर मात्र जुनाच राहिला.

ऑफिसरांच्या मेसमध्ये बशीवर ठेवलेले नाजूक कप असतात. तिथे मला कोण नेणार? मी दाढीच्या पाण्याचा मग झालो. माझ्या अंगाला साबणाचा वास लागला. संध्याकाळी यादव मेसमधून लवकर परत यायचा. तिथली माणसे वाईट नव्हती. पण त्यांच्या गप्पा त्यांच्या बोर्डिंग शाळांच्या, त्यांच्या कर्नल वडिलांच्या. यादवला सांगण्यासारखे जे होते ते लंगरातले, आणि ते तिथे सांगता येत नव्हते. तो खोलीत येऊन बूट काढायचा आणि तसाच बसून राहायचा.

मग कॅप्टन झाल्यावर त्याने अर्ज करून शिपाई असतानाची आपली जुनी पलटण मागून घेतली, सावळाराम अजून तिच्यातच होता. एका वयस्क मेजरने त्याला सांगितले होते, तिथे जाऊ नकोस. त्याला ते पटले नाही. आपल्या माणसांत जायला कसली अडचण, असे त्याला वाटले.

पलटण तेव्हा पहाडात होती. पहिल्याच सकाळी त्याने मला गरम पाण्याने घासून साबणाचा वास घालवला आणि मला हातात घेऊन तो थेट लंगरात गेला. आत कलकल चालली होती. ती एकदम थांबली. सगळे ताडकन उठले. हवालदार झालेला सावळारामही उठला, हात मांडीला चिकटवून.

"बसा रे, बसा," यादव म्हणाला. सगळे बसले. पण एकानेही मग तोंडाला लावला नाही.

सुभेदारसाहेब अदबीने पुढे आले. "साहब, चाय मैं कमरे में भिजवा देता हूँ."

यादव बाहेर पडला. सावळाराम मागोमाग आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पुन्हा इथं येऊ नका. पोरांचा चहा गार होतो."

"मी यादवच हाय रे."

"मला म्हाईत हाय. उद्या तुम्हाला यातल्याच कुणाला तरी गोळीसमोर पाठवायचं हाय. आज त्यांच्यात बसलात तर तेव्हा जीभ अडखळंल."

यादवने त्याचे ऐकले. पुढची सगळी वर्षे मी ट्रंकेच्या तळाशी, लोकरी मोज्यांखाली काढली.

लेफ्टनंट कर्नल होऊन तो निवृत्त झाला आणि दिघाशीला घर बांधून राहिला. बायको, शांताबाई, वर्षभरातच गेली. मुलगी संघरत्ना नोकरीला पुण्यात. गावात भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली होती. पारावर माणसे बसलेली असत. पण कर्नलसाहेब दिसले की गप्पा थांबत, कोणीतरी धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणी, ती पुसे, आणि बाकीचे उभे राहत. त्याने पारावर जाणे सोडले.

एका गोदामाच्या फाटकावर सावळाराम वॉचमन होता. यादव फिरायला निघाला की तो उठून सॅल्यूट ठोकायचा.

"सावळ्या, आता तरी बस माझ्याजवळ. मी रिटायर झालो."

"मी न्हाय झालो, साहेब. ड्युटीवर हाय."

ड्युटी संपल्यावरही तो टाळायचा. यादवने मला ट्रंकेतून काढले होते; मला समोर ठेवून तो ओसरीवर एकटाच चहा प्यायचा. कधी कधी मी भरलेला तसाच राहायचो.

यंदा फाटकावर दुसराच वॉचमन दिसला. सावळाराम गोदामाच्या पायऱ्यांवरून घसरला होता, त्याचा पाय मोडला होता. यादवने थर्मासात चहा भरला, मला पिशवीत टाकले आणि त्याचे घर गाठले. त्याला दारात बघताच खाटेवरचा सावळाराम प्लास्टरचा पाय ओढत उठू लागला. त्याची बायको ठकुबाई ओरडत होती, तरी तो उठतच होता.

"हवालदार सावळाराम, बस."

तो परेडवरचा आवाज होता. सावळाराम बसला.

"डाक्टर सांगून थकला, मी सांगून थकले," ठकुबाई म्हणाली. "याला हुकूमच लागतो."

"मग अजून एक हुकूम ऐक," यादव म्हणाला. "मी रोज सकाळी येणार. तू उठायचं न्हाय."

"आन पाय बरा झाल्यावर?"

"तेव्हाबी न्हाय."

यादवने थर्मासातला चहा माझ्यात ओतला आणि मला खाटेच्या कडेवर ठेवले. सावळारामने मला उचलून एक घोट घेतला.

"चहा कुणी केला?"

"मी."

"तरीच."

मित्रांनो, मला घासताना तारेची घासणी वापरू नका, माझे टवके वाढतात. आणि तुमच्या गावात एखादे मोठ्या हुद्द्याचे माणूस एकटे राहत असेल, तर नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. त्याच्या शेजारी थोडे बसा. त्याला ते मागता येत नाही.

यादव आता रोज मला घेऊन त्या घरी जातो. सावळाराम त्याला अजून साहेबच म्हणतो. पण बसून म्हणतो.