पांढऱ्या फुलाच्या बिया

मी एक भिंग. अंगठ्याच्या पेराएवढा, पितळेच्या खोबणीत बसवलेला, दहापट मोठं दाखवणारा. मला बोटभर अंतरावरचंच दिसतं. त्यापलीकडचं जग मी नुसतं ऐकतो. म्हणून आज जे सांगणार आहे, ते अर्धं पाहिलेलं आहे आणि अर्धं ऐकलेलं. पण त्यातली एक गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तीच मला स्वस्थ बसू देत नाही.

ठाण्याला शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान विकणारं एक दुकान होतं. तिथल्या काचेच्या कपाटात काही महिने पडून होतो. एके दिवशी एका तरुण बाईंनी मला उचललं, स्वतःच्या तळहातावरची रेष माझ्यातून पाहिली आणि म्हणाल्या, "हेच द्या." त्या उत्तराबाई. कल्याणच्या एका कॉलेजात त्या नुकत्याच वनस्पतीशास्त्र शिकवायला लागल्या होत्या.

त्यांच्याकडे मी सव्वीस वर्षं होतो. माणसं फूल बघतात, "किती छान" म्हणतात आणि पुढे जातात. बाई तसं करत नसत. मला डोळ्याशी धरायच्या, फूल माझ्यापाशी आणायच्या आणि श्वास रोखून विचारायच्या, "कोण गं तू?" मग पाकळ्या मोजायच्या, देठावर केस आहेत का बघायच्या, पुटपुटत टिपणं काढायच्या.

एकदा त्या चुकल्या. घाटातल्या एका कड्यावर मिळालेली वनस्पती त्यांनी नवी म्हणून जाहीर केली. वर्षभराने कळलं, शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी तिला नाव देऊन ठेवलं होतं. छापलेलं मागे घ्यावं लागलं. त्यानंतर विद्यार्थ्यांना त्या एकच सांगत राहिल्या, "फुलावर भुलायचं नाही. फळ बघायचं, बी बघायचं, मग तोंड उघडायचं."

त्या विद्यार्थ्यांत विनिता होती. विठ्ठलवाडीची. तिची आई रमाबाई मानपाड्याच्या औषधांच्या कारखान्यात कामाला, थोरला भाऊ सुमित एसी दुरुस्त करायचा. घरात एमएस्सीपर्यंत गेलेली ही पहिलीच. पीएचडीला तिने विषय घेतला तो हिमालयातल्या उंच कुरणांतल्या फुलांचा. जिथे झाडं संपतात आणि बर्फ अजून सुरू झालेला नसतो, त्या पट्ट्यातली ही फुलं.

"इतक्या लांब कशाला? आपला सह्याद्री काय ओस पडलाय?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, तिकडची फुलं दीड-दोन महिन्यांत जन्म, लग्न, पोरंबाळं सगळं उरकतात. बर्फ पडायच्या आत. मला ती घाई बघायचीय."

बाई हसल्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला काळ्या दोरीत ओवलं आणि विनिताच्या गळ्यात घातलं. "माझे डोळे आता अधू झाले. तुझ्याकडे राहू दे."

हिमाचलातल्या त्या कुरणांवर मी तिच्याबरोबर दोन उन्हाळे काढले. वारा असा की फूल माझ्यासमोर स्थिर राहायचं नाही. मग ती पोटावर झोपायची, कोपर मातीत रोवायची, हाताचा आडोसा करायची. जेन्शियनची निळी फुलं तिथे पुष्कळ होती. बोटाएवढी झाडं, आकाशाकडे तोंड केलेली. ढगाची सावली पडली की एकदम मिटायची. मग विनिता ऊन येईपर्यंत तशीच पडून राहायची आणि मला त्या मिटलेल्या पाकळ्यांतला निळा अंधार दिसायचा.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, खिंडीखालच्या उतारावर तिला पांढरं जेन्शियन मिळालं. एकच ताटवा होता. झाड निळ्यापेक्षा ठेंगणं, पानं जाड. तिने पाकळ्यांमधल्या घड्या तीनतीनदा पाहिल्या. तिचा श्वास माझ्या काचेवर साचत होता. "तुला कुणीच पाहिलेलं नाही ना रे?" ती हळूच म्हणाली.

खालच्या गावात उतरल्यावर रेंज आली. पहिला फोन आईला. "आई, बहुतेक नवीन फूल मिळालंय! नवीन निघालं तर नाव देता येतं, माहितीय?"

"तुझं नाव दे मग."

"स्वतःचं देत नसतात गं." पुढचं तिने आईला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र एकटीच दोन-तीनदा म्हणाली, "रमा. रमाचं जेन्शियन." मी तिच्या छातीवर होतो. मी ऐकलं.

दुसरा फोन बाईंना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज आला, स्पष्ट, कोरडा. "फळ आहे?"

"नाही मॅडम. आत्ता फुलंच आहेत."

"मग मी मानणार नाही. फळ घेऊन ये."

सप्टेंबरात ती पुन्हा वर गेली. वाटाड्या तंबूपाशी राहिला. ती एकटीच सकाळी वाटेतला नाला ओलांडून गेली. पाणी घोट्याएवढं होतं.

ताटवा सापडला. फुलं सुकली होती आणि त्यांतून देठावर फळं वर आली होती, दोन ओठ उघडलेल्या चिमुकल्या वाट्यांसारखी. तिने बिया कागदावर झटकल्या आणि मला डोळ्याशी धरलं. मीही पाहिल्या. तपकिरी, लांबट, कडेला पंख नाही, अंगावर बारीक जाळं. मग तिने शेजारच्या निळ्या जेन्शियनच्या बिया घेतल्या. तपकिरी, लांबट, पंख नाही, तसंच जाळं.

तिने पुन्हा एकदा पहिल्या बिया पाहिल्या. मग हसली. अगदी खळखळून, उताराला ऐकू जाईल असं. "अरे, हे तर आपलं निळंच! रंग विसरून आलंय नुसतं!" आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जिंकलात मॅडम. आई, तुझं फूल राहिलं गं."

हीच ती गोष्ट. तिला कळलं होतं. त्या उतारावरच तिने त्या फुलाची ओळख पटवली होती.

तरीही बिया तिने प्लास्टिकच्या डबीत भरल्या आणि चिकटपट्टीने बंद केल्या. तेवढं झाल्यावर तिने खाली उतरायला हवं होतं. पण खडकापलीकडे तिला काहीतरी पिवळं दिसलं. ती तिकडे गेली. तिथून पुढच्या खडकाकडे. तिला कुणी पाठवलं नव्हतं. तिथे तिने दोन-अडीच तास काढले, गुणगुणत. इतक्या आनंदात मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि नाले फुगतात. हे तिला ठाऊक होतं, मीच तिला कितीदा बोलताना ऐकलंय. काठावर आल्यावर ती थांबली. मला गळ्यातून काढून पिशवीच्या कप्प्यात, त्या डबीशेजारी ठेवलं, आणि पिशवी पलीकडच्या काठावर भिरकावली. आम्ही काठालगतच्या पाण्यात, दोन दगडांच्या बेचक्यात पडलो. पाणी माझ्या अंगात शिरलं. त्यानंतर मी फक्त पाणी ऐकलं.

वाटाड्याला पिशवी मिळाली. विनिता मिळाली नाही. चार दिवस शोधलं.

विठ्ठलवाडीच्या घरात तिच्या फोटोपुढे पुण्यानुमोदन झालं. बाई आल्या होत्या, मागे बसल्या, कुणाशी न बोलता निघून गेल्या, असं मला नंतरच्या बोलण्यावरून कळलं. मी तेव्हा पिशवीत होतो आणि पिशवी लोखंडी कपाटात. तिथे मी तीन वर्षं काढली. रमाबाई कधीकधी कपाट उघडायच्या, पिशवीवर हात ठेवायच्या, पुन्हा बंद करायच्या. सुमितला त्यांनी पिशवीला हात लावू दिला नाही. त्यानेही कधी लावला नाही.

मग एका पावसाळ्यात कपड्यांना बुरशीचा वास यायला लागला आणि रमाबाईंना पिशवी उघडावीच लागली. डबी हलवली तर आत काहीतरी वाजलं. दुसऱ्याच दिवशी त्या ठाकुर्लीला उत्तराबाईंच्या घरी आल्या.

"मॅडम, ह्यात बिया आहेत. त्या नवीन फुलाच्याच असतील ना? तिच्या पिशवीत होत्या."

बाईंच्या हातात मी कितीतरी वर्षांनी आलो.

"आता बघा. आणि नवीन असलं तर तिचं नाव द्या. दुसऱ्याने दिलेलं चालतं ना?"

"चालतं," बाई म्हणाल्या.

माझ्या दोन काचांच्या मध्ये नाल्याचं पाणी शिरून सुकलं होतं. एका कडेला कायमचं धुकं धरलं होतं. बाईंनी त्या धुक्याच्या कडेकडेने पाहायचं ठरवलं. कॉलेजातून विनिताने दाबून सुकवलेलं पांढरं फूल मागवलं, निळ्या जेन्शियनचे जुने नमुनेही मागवले. रोज सकाळी खिडकीशी बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांना उत्तर दिसलं होतं, मला माहीत आहे. कारण त्यांचा श्वास थांबला. तरी त्या आठ दिवस बघत राहिल्या. एखादा केस तरी वेगळा निघेल, एखादी शीर तरी.

त्यांचा जुना विद्यार्थी अनिमेष नमुने जपणाऱ्या एका संस्थेत कामाला होता. त्याला त्यांनी फोन लावला.

"मॅडम, पांढरा रंग आहे, ठेंगणं आहे. उपप्रकार म्हणून टाकू ना छापून. लोक याहून कमी पुराव्यावर छापतात. आणि विनितासाठी... कोण नाही म्हणणार?"

"विनिताच नाही म्हणाली असती," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग टेबलावर डोकं टेकून रडल्या. "मीच धाडलं तिला. ह्या एवढ्याशा मातीसारख्या बियांसाठी."

मी तिथेच होतो, त्यांच्या कपाळापासून वीतभर. ती हसली होती बाई, मला सांगायचं होतं. फळ मिळाल्यावर ती तुमच्यासाठी थांबली नव्हती, स्वतःसाठी थांबली होती. पण काचेला तोंड नसतं.

रविवारी बाई मला, डबीला आणि दोन नमुन्यांना घेऊन विठ्ठलवाडीला गेल्या.

"रमाबाई, फूल नवीन नाही."

आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. रमाबाईंनी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"म्हणजे ती चुकली?"

"नाही. तिला शंका आली, आणि ती शंका तपासायला लागेल ते तिने आणलं. चूक नव्हे ती."

"तुम्ही नीट बघितलं?"

"आठ दिवस."

"मला बघू द्या."

बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. कसं धरायचं ते दाखवायला लागल्या तर रमाबाई म्हणाल्या, "राहू द्या. एकवीस वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्यात मी. टवका उडालेली गोळी माझ्या नजरेतून सुटत नाही." त्यांनी मला डोळ्याशी धरलं. एका कागदावर विनिताच्या बिया, दुसऱ्यावर निळ्या फुलाच्या. त्यांनी घाई केली नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लेकीसारख्याच त्याही श्वास काचेवर सोडत होत्या. एकदा डोळ्यांत पाणी आलं तेव्हा थांबल्या, पदराने आधी मला पुसलं, मग डोळा पुसला, आणि पुन्हा बघायला लागल्या.

"सारख्याच आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "पट्टीतल्या दोन गोळ्यांसारख्या."

उत्तराबाई उठल्या नाहीत. "अजून एक सांगायचंय. फोनवर ती इतकी खूश होती. मी म्हटलं, फळाशिवाय मानणार नाही. म्हणून ती परत वर गेली. तीन वर्षं मी तुमच्यासमोर आले नाही ते यामुळे."

"मग आज का सांगता?"

"फुलाचं खरं सांगायचं आणि स्वतःचं लपवायचं, हे जमेना."

मी रमाबाईंच्या मुठीत होतो. मूठ इतकी घट्ट झाली की पितळ गरम झालं.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही, मॅडम. तसं वाटत नाही मला अजून. खोटं कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "पण येत जा. तिच्याबद्दल बोलायला दुसरं कुणी नाही मला. सुमित तर तिचं नावही काढत नाही."

त्या पांढऱ्या फुलाचा नमुना आता कल्याणच्या कॉलेजात निळ्यांच्याच गठ्ठ्यात आहे. मी मात्र रमाबाईंकडे राहिलो. त्यांनी मला मागितलं आणि बाईंनी दिलं. ठाण्याचा एक कारागीर म्हणाला होता, खोलून धुतलं तर धुकं जाईल. पण धुताना काच फुटण्याची भीती होती, म्हणून मी आहे तसा आहे. अर्धा स्वच्छ, अर्धा त्या नाल्याचा. बाई दर रविवारी येतात. कधी दोघी बोलतात, कधी नुसत्या बसतात.

तुम्हाला एवढंच मागतो. या दोघींपैकी कुणी कधी भेटली, तर माझ्या वतीने सांगा, की ती हसत होती, आणि तिला कळलं होतं. मला सांगता येत नाही, आणि ऐकल्याशिवाय त्या दोघी सुटणार नाहीत. मीही नाही.

आता रमाबाईही निवृत्त झाल्यात. गॅलरीच्या भेगेत, पाइपाच्या कडेला जे उगवेल ते माझ्यातून बघतात. परवा सकाळी तिथे एक तण फुललं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं फूल. रमाबाई गुडघे टेकून बसल्या, मला डोळ्याशी धरलं. फुलात पाच पाकळ्या आणि प्रत्येकीवर जांभळी रेघ. त्या इतक्या रमल्या की मान न वळवताच त्यांनी घरात हाक मारली, "विनू, इकडे ये गं, बघ काय आहे!"

हाक मारली आणि त्यांना कळलं. हात तसाच राहिला. घरात पंखा तेवढा फिरत होता.

मग आत खुर्ची सरकली.

"आलो आई," सुमित म्हणाला. तो येऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसला, आणि त्यांच्या हातातून मला घेऊन त्याने स्वतःच्या डोळ्याला लावलं.