आपोआप पुस्तिका

वाचनालयांसाठीचा तो फुकट प्रोग्रॅम बरेच हौशी लोक मिळून लिहीत. त्याची माहितीपुस्तिका मात्र सात वर्षं एकट्या मावशी लिहीत होत्या. मावशी निवृत्त ग्रंथपाल. कोडमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण कुठलं बटण कधी दाबायचं हे त्या असं समजावत, की कुणाला पुन्हा विचारावं लागत नसे. त्या कामात त्यांचा जीव होता.

एके दिवशी प्रकल्पाचा म्होरक्या, ज्याला सगळे दाढी म्हणत, व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मावशी, सुटलात! कोडमध्ये आम्ही जागोजागी टिपा लिहितो ना, त्या उचलून पुस्तिका आता आपोआप तयार होईल."

"वा, छान की," म्हणून मावशींनी कॅमेरा बंद केला आणि डोळ्यांना पदर लावला. सुटका मागितली होती कुणी? "चला, आता रोज फिरायला जाऊ," यजमान म्हणाले. मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते मुकाट्याने एकटेच गेले.

शुक्रवारी पुस्तिका तयार झाली आणि दाढीने ती न वाचताच सगळ्या वाचनालयांना धाडली. सोमवारी तक्रारींचा पाऊस. मावशींनी पुस्तिका उघडली. 'पुस्तक परत घेणे' या प्रकरणात एकच ओळ होती: "हे का चालतं देव जाणे. हात लावू नका." 'वाचक नोंदणी'त: "भूक लागली. उरलेलं जेवून आल्यावर." मावशींची हसून हसून मुरकुंडी वळली.

मग पुढचं पान आलं. "नियम कळला नाही. मावशींना विचारून लिहिलं." त्यापुढच्या पानावर तेच. आणखी एके ठिकाणी: "मावशी म्हणतात तसंच ठेवा, त्यांचं बरोबर असतं." ज्या कोडला आपण घाबरत होतो, त्यात आपण इतकी वर्षं राहतोय, हे पाहून त्यांना भरून आलं.

तेवढ्यात दाढीचा फोन. अगदी रडकुंडीला आला होता. "मावशी, पार नाक कापलं गेलं. ते आपोआपचं बंदच करतो."

"खबरदार! त्याचं काय चुकलं? तुम्ही लिहिलंत तेच त्याने छापलं. त्या टिपाच मला लिहू दे. तिथेच, कोडमध्ये."

"पण तुम्हाला कोड..."

"तू समजावून सांगायचंस. मला कळेपर्यंत."

संध्याकाळपर्यंत मावशींनी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं आणि चार ओळींची पहिली टीप लिहिली. दाढीने ती दोनदा वाचली.

"अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे माझा कोड हे करतो होय!"