खंडेनवमीला उतरवलेलं हेल्मेट

मी एक जुनं पिवळं हेल्मेट आहे. मोटरसायकलीवरचं नव्हे हं मित्रांनो, मी कारखान्यातला. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी भरते तेव्हा फाटकातून पिवळी डोकी आत शिरताना दिसतात ना, ते सगळे माझे भाऊबंद. माझा जन्म प्लॅस्टिकच्या दाण्यांतून झाला. ते वितळवून साच्यात ओतले, आत पट्टे बसवले, हनुवटीला बांधायची दोरी लावली आणि मला पेटीत भरून इकडे धाडलं.

आमच्यातही मानपान असतो बरं का! पांढरं हेल्मेट साहेबाचं, पिवळं कामगाराचं, निळं ठेकेदाराच्या माणसांचं. माणूस नंतर बघतात, आधी रंग बघतात. कुणी आम्हाला ऐटीत उलटं घालतो, कुणी भाजीच्या पिशवीसारखं कोपरात अडकवतो, तर कुणी जेवणाच्या सुट्टीत सरळ आमच्यावरच बसतो. मी मात्र नशीबवान. मी आनंदाच्या वाट्याला आलो.

आनंदा फिटर. सांगलीकडच्या गावातून पोटापाण्यासाठी बोईसरला आला आणि इथलाच झाला. बायको रत्नाबाई आणि आयटीआयला जाणारी मुलगी ज्ञानेश्वरी, एवढाच त्याचा संसार. उघड्या डोक्याने चारचौघांत जाणं त्याला बापजन्मी जमलं नाही. मुलीचे गुरुजी घरी आले तरी हा आधी खुंटीवरची पांढरी टोपी डोक्यावर ठेवणार, मग "या, बसा" म्हणणार. गावाकडून आलेला पाहुणा टॉवेल-टोपीचा मान घेतल्याशिवाय त्याच्या घरून परत गेला नाही. मला तो रोज पाळी सुटल्यावर फडक्याने पुसायचा. ज्ञानेश्वरी हसायची, "बाबा, एवढं तर तुम्ही माझं दप्तरसुद्धा पुसलं नव्हतं!" मला फार बरं वाटायचं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी पूजेला मालकांचे पाहुणे आले. त्यांच्यात मालकांचे सासरे होते, खंडेराव नावाचे म्हातारे गृहस्थ. ते आयत्या वेळी आले आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली हेल्मेटं तोवर संपली होती. सुरक्षेचं काम बघणाऱ्या मनीष साहेबांनी त्यांना जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर थांबवलं. हेल्मेटशिवाय तो पट्टा ओलांडायचा नाही, नियमच तसा होता. आत आरतीची तयारी झालेली आणि मालकांचे सासरे दारात ताटकळत उभे.

आनंदाला ते बघवेना. तो पुढे झाला.

"साहेब, वडीलधारं माणूस दारात आन् आमी आत, हे बरं दिसत नाय."

त्याने मला डोक्यावरून काढलं, रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी खंडेरावांच्या डोक्यावर ठेवलं. मग आरतीसाठी खिशात आणलेली पांढरी टोपी काढून स्वतः घातली. मनीष साहेबांनी त्याच्या डोक्याकडे एकदा बघितलं. काही बोलतील असं वाटलं, पण सणाचा दिवस होता, पाहुण्याचा मान राहिला होता, आणि डोकं काही उघडं नव्हतं. ते नुसते हसले. "शाब्बास आनंदा, लाज राखलीस," असं कुणीतरी म्हणालं.

मी ओरडत होतो, मित्रांनो. पण आम्हाला आवाज कुठे असतो?

वरच्या लोखंडी माचीवर पोरं क्रेनला झेंडूचं तोरण बांधत होती. तिथे एक मोठा पाना राहून गेला होता. कुणाचातरी पाय लागला आणि तो खाली आला. खाली आनंदा टाळ्या वाजवत आरती म्हणत होता. मी हाकेच्या अंतरावर होतो, एका सुरक्षित डोक्यावर, आणि मला जागचं हलता आलं नाही. ज्या एका क्षणासाठी मला घडवलं होतं तो माझ्यासमोर होऊन गेला.

आनंदा शुद्धीवर आलाच नाही. दसऱ्याला लोक एकमेकांना सोनं देत होते, तेव्हा त्याला घरी आणलं.

नंतर कारखान्यात जो तो एकच वाक्य बोलू लागला, "त्याने हेल्मेट घातलं नव्हतं." शब्द खरे होते. त्याहून मोठा खोटेपणा मी ऐकलेला नाही.

तेराव्याला खंडेराव आनंदाच्या बोईसरच्या खोलीवर आले. सोबत दुखवट्याचा टॉवेल, टोपी आणि मी. रत्नाबाईने टोपीला हातही लावला नाही.

"टोपी नको आमाला," ती म्हणाली. "चूक त्यांचीच म्हणत्यात सगळी. तुमी तेवढं सांगा साहेबांना, हेल्मेट कुणाच्या डोक्यावर हुतं."

"जावयाचा कारखाना आहे, बाई," म्हातारा एवढंच बोलला आणि मला तिथेच ठेवून उठला. जाताना त्याला वहाणासुद्धा नीट घालता येईनात. मला त्याची कीव आली आणि रागही आला. राग अजून आहे.

पुढे ज्ञानेश्वरीला दुसऱ्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून काम लागलं. पहिल्या सकाळी रत्नाबाईने मला पुसलं, कुंकू लावलं आणि लेकीच्या डोक्यावर ठेवलं.

"आई, तिथं नवीन देतात गं."

"नवीन ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाचं हाय हे. पावणा येवो, मालक येवो, डोक्यावरनं काढायचं नाय."

"नाही काढणार," पोर म्हणाली आणि तिने हनुवटीखाली दोरी बांधली.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. उन्हाने आणि रसायनांच्या वाफांनी मी आतून ठिसूळ झालो आहे. वरून पिवळाधमक दिसतो, पण आमचंही वय होतं, आणि माझं केव्हाच उलटून गेलं. उद्या वरून काही पडलं तर मी फुटेन आणि खाली ते कोवळं डोकं असेल. रत्नाबाई माझा मान राखते आहे आणि ज्ञानेश्वरी आईला दिलेला शब्द.

तुमच्यापैकी कुणी त्या मुलीला ओळखत असेल, तर तिला एवढं सांगा. बापाची आठवण म्हणून मला खुंटीवर टांगू दे, नाहीतर भंगारात टाकू दे, मला वाईट वाटणार नाही. पण उद्या कामावर जाताना तिने नवं हेल्मेट मागून घ्यावं. माझा मान ठेवू नये.