कहाणीतून गाळलेली वाट

माझ्या कथा दोन मिनिटांत संपतात, म्हणून चालतात. वाशीमला बसून मी त्या फोनवर रेकॉर्ड करून टाकते आणि हजारो लोक ऐकतात. लांबण लावणाऱ्या लेखकांचा मला मनापासून राग येतो. ऐकणाऱ्याला दम नसेल तर आपण कात्री चालवायला काय हरकत आहे?

माहेरची, इंझोरीची श्रावणी सोमवारची कहाणीही मी अशीच छाटली. रंगूबाईकाकू ती पाऊण तास सांगायची. गाय शोधत निघालेली सून, आणि मग तिची न संपणारी वाट: कडुनिंब ओलांडला, उजवा धुरा, म्हणजे शेताचा बांध, धरला, बाभळीपाशी धुरा सोडून वळसा घेतला. आम्ही मुठीत तांदूळ धरून पेंगायचो. कहाणी झाली की घरातली नवी सून एकटी जाऊन ते तांदूळ शेतातल्या देवीपुढे ठेवायची. देवीचा झेंडा गावातूनच दिसतो, मग वाट कशाला सांगायची? मी गाय ठेवली, देवी ठेवली, वाट गाळली.

गावभर कौतुक झालं. काकू एवढंच म्हणाली, "वाट कायले काढली वं? कहानी तर वाटच हाये." मी हसण्यावारी नेलं.

यंदा सोमवारी मी माहेरी आले, तर काकूपुढे कोणी बसलंच नाही. माझा धाकटा भाऊ अमरदीप याची नवी बायको सपना हिने माझीच कहाणी फोनवर दोनदा ऐकली आणि दुपारी चारला तांदूळ घेऊन निघाली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

पाच वाजले तरी ती आली नाही. काकूने मला जवळ बोलावलं.

"बाभळीपाशी धुरा सोडजो म्हून सांगतलं ना तिले?"

"नाही. काहून?"

"सरळ पुढं जुनी विहीर हाये. कठडा नाई. आता गवत कमरेएवढं असन."

माहेरवाशिणींना त्या वाटेने कधी जावंच लागत नाही. ज्यांना विहीर ठाऊक होती, त्यांच्यापैकी कोणी सपनाला वेगळं सांगितलं नव्हतं. कहाणीत येतंच, असं सगळे धरून चालले होते.

आम्ही धावलो. अमरदीप हाका मारत पुढे गेला. बाभळीपाशी माझे पाय थांबले. समोर सरळ रेषेत झेंडा फडकत होता, आणि त्याच्याकडे जाणारं गवत नुकतंच तुडवलेलं होतं.

पुढे अमरदीपच्या हाका एकाएकी बंद झाल्या; तो विहिरीत वाकून बघत होता.