दुखलं तर डावा हात वर करा

मी आरसा बोलतोय. लगेच केसांवरून हात फिरवू नका, मी त्यातला नाही. माझ्यात चेहरा मावत नाही. कोटाच्या बटणाएवढी गोल काच, तीही तिरकी बसवलेली, आणि खाली पेन्सिलीसारखा स्टीलचा दांडा. मी दातांच्या डॉक्टरांचा आरसा आहे. माझ्यात दाढ दिसते, आणि तीही मागून.

ज्या काचेतून मला कापलं, तिचेच काही तुकडे मोटारींच्या आरशांत लागले असं ऐकून आहे. त्यांनी रस्ते पाहिले, डोंगर पाहिले. मी दाढांच्या फटीत अडकलेले भाजीचे धागे पाहिले. माझी तक्रार नाही. कोणीतरी आतलं बघायलाच हवं.

आमच्या डॉक्टरांनी मला घेतलं तेव्हा ते विद्यार्थी होते. पहिल्या परीक्षेत त्यांनी मला एका वयस्कर गृहस्थांच्या तोंडात घातलं, आणि मी त्यांच्या दातांवर टकटक वाजायला लागलो, इतका डॉक्टरांचा हात थरथरत होता. गृहस्थांनी मला हळूच बाजूला केलं आणि म्हणाले, "बाळा, घाबरायचं काम माझं आहे. तू कशाला त्यात वाटा मागतोस?" डॉक्टर त्या परीक्षेत पास झाले. गृहस्थांच्या दाढेचं पुढे काय झालं, माहीत नाही.

पुढे डॉक्टरांनी स्वतःचा दवाखाना टाकला. बाहेर चार खुर्च्या, जुनी मासिकं, आणि आत मी. माणसं आत येतात तेव्हा फार मोठमोठ्याने बोलतात. "मला काही भीतीबिती नाही हो, फक्त इंजेक्शन नको," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मलाच पाठ झालंय. कोणी छतावरच्या चौकटी मोजतो. कोणी सगळ्या मावसभावंडांची नावं मनात घेतो. एक पैलवान आईची पर्स छातीशी धरून बसले होते. आई बाहेर बसलेली, पर्स आत.

पण मला फसवता येत नाही. घाबरलेला माणूस तोंडाने श्वास घेतो, आणि तोंडाने श्वास घेतला की माझ्यावर वाफ धरते. चेहरा कितीही करारी असो, काच धुरकट झाली की डॉक्टरांना कळतं. ते मला गालाच्या आतल्या बाजूला टेकवून ऊब देतात आणि म्हणतात, "नाकाने श्वास घ्या. सावकाश." मग ते प्रत्येकाला सांगतात तेच सांगतात, "दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन." डावाच, कारण डॉक्टर उजवीकडे बसतात. उजवा वर केला तर तो त्यांच्या कोपराला लागतो आणि मग खरोखरच दुखतं.

अशातच एक दिवस गणिताच्या बाई आल्या.

गाल सुजलेला, पातळाला कडक इस्त्री, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सिस्टर म्हणाली, "या आजी, बसा."

"मी कोणाचीही आजी नाही. बाई म्हण."

हा आवाज कानावर पडताच डॉक्टर स्टुलावरून उठून उभे राहिले. नुसते उठले नाहीत, हात बाजूला घट्ट धरून उभे राहिले. मी त्यांच्या मुठीत होतो. मूठ ओली झाली.

बाईंनी त्यांना चष्म्यावरून न्याहाळलं. "तू खिडकीवाला ना? शेवटच्या बाकावर खिडकीत बसून बाहेर बघायचास तो?"

"हो बाई."

"मग बस. उभ्याने दाढ बघणार आहेस का?"

डॉक्टर बसले आणि दाढ बघितली. बघायला मी गेलो होतो, म्हणून सांगतो: प्रकरण गंभीर होतं. त्या बाजूच्या बाकीच्या दाढा केव्हाच गेल्या होत्या. दर वेळी बाई 'बघू नंतर' म्हणाल्या होत्या, आणि दर वेळी एकेक दाढ काढावी लागली होती. चावायला ही शेवटची उरली होती. डॉक्टर म्हणाले, "बाई, रूट कॅनल केलं तर वाचेल. पण आता थांबायला नको. ही गेली तर या बाजूने काही चावता येणार नाही."

"कर मग. मी का अडवतेय?"

डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं, दुखलं तर डावा हात. बाईंनी मान हलवली, तोंड उघडलं, आणि मी पुरता आंधळा झालो. इतकी वाफ मी पाहिलेली नाही. चेहऱ्यावर मात्र परीक्षेच्या हॉलमधला कडक शांतपणा. ड्रिल नुसतं सुरू झालं, दाढेपासून लांबच होतं, तेवढ्यात बाई उठून बसल्या.

"गॅस चालू राहिलाय माझा," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा भुलीचं इंजेक्शन निमूट घेतलं. अर्धं तोंड बधिर झालं. डॉक्टरांनी टोचून विचारलं, "दुखतंय?" "नाही." ड्रिल जवळ आलं. बाई उठल्या. "मला एके ठिकाणी जायचंय," इतकंच म्हणाल्या. गळ्याभोवती लावलेला कागदी रुमाल तसाच घेऊन त्या रस्त्याने चालत गेल्या. सिस्टरने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, या काही करून घेणार नाहीत."

डॉक्टर मला बराच वेळ पुसत बसले. मी तेव्हा स्वच्छच होतो.

तिसऱ्यांदा बाई आल्या त्या दुखणं सहन होईना म्हणून. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "आज नाही केलं, तर पुढच्या वेळी काढावीच लागेल." पुन्हा इंजेक्शन, पुन्हा बधिरपणा, पुन्हा "दुखतंय?", पुन्हा "नाही". ड्रिल सुरू झालं. माझ्यावर वाफ चढली. बाईंचा डावा हात खुर्चीच्या हातावर आवळलेला होता. तो उचलला गेला, थोडा वर आला, आणि परत खाली बसला. मग बाई स्वतःच उठायला लागल्या.

डॉक्टरांनी ड्रिल बंद केलं. "बाई, हात वर का नाही करत? मी थांबलो असतो की."

"दुखत नाहीये."

"मग उठता कशाला?"

बाईंना याचा रागच आला. एका बाजूने शब्द सांडत होते, तरी त्यांनी प्रत्येक शब्द सुटा केला. "तूच सांगितलंस ना, दुखलं तर हात वर करायचा? मला दुखत नाही. मला भीती वाटते. त्याला तू काही सांगितलेलं नाहीस. मग उठून जाण्याशिवाय मी काय करणार?"

लाळ ओढणारी नळी तेवढी सुरसुरत होती.

इतकी वर्षं मी हे वाक्य रोज ऐकत होतो. त्यात एक भोक आहे हे मला दिसलं नाही, डॉक्टरांनाही नाही. ते दिसायला गणिताच्या बाईच लागल्या. अट म्हणजे अट. दुखलं तर. नाही दुखलं, तर हात खाली.

"चुकलंच माझं," डॉक्टर म्हणाले. "भीती वाटली तरी हात वर करा, बाई. कारण नाही विचारणार. थांबेन."

"कितीही वेळा?"

"कितीही वेळा."

बाई पुन्हा आडव्या झाल्या. हात वर. डॉक्टर थांबले. हात खाली. काम सुरू. हात वर. थांबले. सिस्टर घड्याळाकडे बघायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेरच्यांना चहा द्यायला पाठवलं. मधूनमधून हात नुसता वर यायचा आणि लगेच खाली जायचा. डॉक्टर खरंच थांबतात की नाही, एवढंच बघायला. ते दर वेळी थांबले. हळूहळू हात येईनासा झाला, आणि मला दाढ स्वच्छ दिसू लागली.

काम संपत आलं तेव्हा बाईंच्या तोंडात कापूस होता. बोलता येत नव्हतं. डॉक्टर माझ्यातच बघत होते, बाईंकडे नाही. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, वर्गात तुम्ही म्हणायचात, उत्तर येत असेल त्यांनी हात वर करा. मला उत्तर कधीच यायचं नाही. मला विचारायचं असायचं. म्हणून मी खिडकीबाहेर बघायचो."

बाईंनी डोळे मिटून घेतले. माझ्यावर पुन्हा वाफ आली, पण ती भीतीची नव्हती. मला एवढं कळतं.

दाढ वाचली. आता त्या तिकडूनही चावतात. आमचे डॉक्टरही आता वेगळं सांगतात: "दुखलं किंवा भीती वाटली, तर डावा हात वर करा." आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण बहुतेक हात काम सुरू व्हायच्या आधीच वर होतात.

माझ्या काचेवर मात्र ओरखडे पडलेत. सिस्टरने मला कोपऱ्यातल्या डब्यात टाकलं आहे. या डब्यातून कोणी परत येत नाही. माझी जागा एका नव्या आरशाने घेतली. तो फार चकचकीत आहे आणि त्याला अजून काही माहीत नाही. त्याला समजावणारा मी कोण? तुम्हाला मात्र एक विनंती करतो. खुर्चीत बसाल तेव्हा गॅसचं, किल्लीचं, पाहुण्यांचं काही सांगू नका. भीती वाटते म्हणा. मला तुमची वाफ दिसायची, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे, आणि ते तसंही उघडायचंच असतं.

त्या दिवसाचं थोडं सांगायचं राहिलं.

कापूस काढल्यावर बाई उठल्या, पण गेल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन खुर्चीतच बसल्या. "विचार," त्या म्हणाल्या. "काय विचारायचं राहिलं होतं?"

डॉक्टरांनी आधी टाळाटाळ केली. मग मास्क खाली ओढला, मला ट्रेमध्ये ठेवलं, आणि हात वर केला. "बाई, ऋण गुणिले ऋण धन कसं होतं?"

"ऊठ. दाराकडे तोंड कर. दार म्हणजे धन. आता वळ, खिडकीकडे तोंड. हे एक ऋण. आता न वळता उलटा चाल. हे दुसरं ऋण. चाल, चाल."

डॉक्टर हातमोज्यांसकट उलटे चालत गेले आणि चहाचे रिकामे कप घेऊन येणाऱ्या सिस्टरवर आदळले.

"कुठे पोचलास?"

"दाराशी."

"कळलं?"

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. दाराबाहेर माणसं मासिकं मिटून ऐकत होती.

"नाही, बाई," ते म्हणाले. "पुन्हा एकदा सांगाल?"

आणि बाईंनी, अर्धं तोंड बधिर असताना, पुन्हा सांगितलं.